उल्याना गिअर टाकते तेव्हा

उल्यानाच्या गाडीत बसलेल्या माणसाने गिअरबद्दल बोलायचं नाही, असा नियम आमच्या खारा-क्युओल गावात आपोआप पडून गेला होता. तो न पाळणारं माणूस एकच, ओग्दोआजी. आणि ती नेमकी उल्यानाची सासू.

गाडी म्हणजे करड्या रंगाची चौकोनी व्हॅन, पावाच्या लादीला चाकं लावावीत तशी. आमच्या तालुक्यात दर दुसऱ्या दारात तीच उभी असते, त्यामुळे दिसण्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. ती मुळात उल्यानाच्या नवऱ्याची, स्पिरिदोनची. स्पिरिदोन गेला तेव्हा उल्याना गोठ्यावर दूध काढायच्या कामाला होती. नवऱ्याचे दिवस झाल्यावर तिने एका सकाळी गराजचं दार उघडलं, चूल पेटवली आणि गाडीखाली शिरली. बायका हसल्या, पुरुष तर जास्तच हसले. आज त्याच पुरुषांना दवाखान्यात जायचं असलं की ते आधी विचारतात, उल्याना कधी निघणार आहे? दुसऱ्या कुणाबरोबर ते थंडीत नदी ओलांडत नाहीत.

उन्हाळ्यात काय, कुणीही गाडी हाकतो. खरी परीक्षा पारा उणे पन्नासच्या खाली घसरला की. इंजिन सुरू झालं म्हणून हुरळून जाऊ नये. गिअरबॉक्समधलं तेल थिजलेल्या तुपासारखं झालेलं असतं. क्लच दाबून इंजिन चालू करायचं आणि मग न्यूट्रलमध्येच क्लच सोडायचा, पण इतका सावकाश की इंजिनाला पत्ता लागू नये. घाई केली की इंजिन गुदमरून बंद पडतं. मग बॅटरी एकदा साथ देते, फार तर दोनदा, आणि त्यानंतर माणूस नि गाडी दोघं देवाच्या हवाली. उल्यानाच्या गाडीचे वर आणखी नखरे होते. दुसऱ्यावरून तिसरा गिअर सरळ जायचाच नाही. मध्ये न्यूट्रलला थांबून क्लच पुन्हा एकदा दाबावा लागे. आणि रिव्हर्स? गाडी चांगली तापेपर्यंत रिव्हर्सचं नाव काढायचं नाही.

हँडब्रेकला तर हिवाळ्यात आमच्याकडे कुणी हात लावत नाही. ओढला की चाकं जखडतात, मग बसा चाक शेकत. इंजिनही बंद करायचं नसतं. म्हणून गाडी कुठेही उभी केली की इंजिन चालू, किल्ली आत, दार नुसतं लोटलेलं आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा. उल्यानाचा ठोकळा निळा होता. खिडक्या रंगवून उरलेला रंग स्पिरिदोनने त्याला फासला होता.

पुढच्या दोन सीटच्या मागे दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा जाड पडदा, म्हणजे ऊब विखरत नाही. पडद्यामागे दुसरा हीटर, बाकावर रेनडिअरचं कातडं, आणि त्या कातड्यावर ओग्दोआजी. पुढे बस म्हटलं तरी बसायची नाही. लहानपणी बापाच्या बैलाच्या घसरगाडीवर ती गवताच्या भाऱ्यांमागे बसून कुरणावर जायची, तेव्हापासून तिची जागा मागची. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नव्हतं, पण कान मांजरीचे. पडद्यामागून तिचं चालूच असायचं. आता टाक तिसरा. अगं, इतकी कसली घाई? पाय उचल, पाय झोपला का तुझा? स्पिरिदोनच्या हातात ही गाडी अशी कुरकुरायची नाही हो. इतर प्रवासी खाली मान घालून हसायचे आणि उल्याना ओठ मिटून गाडी हाकायची. दहा वर्षं तिने एका शब्दाने उलट उत्तर दिलं नव्हतं.

ते तिने त्या दिवशी सकाळी दिलं.

आजीला नव्या कवळीसाठी तालुक्याला न्यायचं होतं. दोघीच होत्या. निघायला उशीर झाला होता, उल्यानाचा गुडघा रात्रीपासून ठणकत होता, आणि नदीचा चढ चढताना गिअर जरासा खरखरला. फार नाही, जरासाच. लगेच पडद्यामागून आवाज आला की स्पिरिदोन असता तर गाडी अशी ओरडली नसती.

"मग जा ना शहरात लेकीकडे," उल्याना म्हणाली. "तिच्या गाडीला गिअरच नाहीत. बोलायला जागाच उरणार नाही तुम्हाला."

आजीच्या लेकीने खरंच निरोप धाडला होता. आई, आता इकडे ये, घरात नळाला गरम पाणी आहे, चूल पेटवायला नको, वहिनीला किती दिवस त्रास देणार? त्यावर आजी हो म्हणाली नव्हती की नाही म्हणाली नव्हती. उल्यानाने एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं ते हे असं.

पडदा गप्प झाला. दवाखान्यात कवळी बसली, आजीने आरशाकडे तोंडही वळवलं नाही, दुखतंय म्हणून कवळी काढून रुमालात बांधली आणि मुकाट्याने गाडीत जाऊन कातड्यावर आडवी झाली. उल्यानाने झिनाइदाच्या दुकानासमोर गाडी थांबवून विचारलं की आत येता का, चहा पिऊ. पडद्यामागून हूं नाही की चूं नाही. बरं, राहा, असं मनाशी म्हणून उल्याना ठोकळा लावून दुकानात शिरली.

मीठ आणि चहाची पत्ती घ्यायला कितीसा वेळ लागतो? पण ती मुद्दाम रेंगाळली. झिनाइदाने पुढे केलेला दुधाचा चहा घेतला, दुसरा कपही घेतला. तेवढ्यात पापण्यांवर बर्फ घेऊन एक ढेरपोट्या माणूस आत आला, नदीपलीकडच्या उरुंग गावचा घोडेवाला प्रोकोपी. मेहुण्याची गाडी मागून आणली आहे, नवीकोरी आहे, लोण्यासारखी चालते, अशी फुशारकी मारत त्याने पोरांसाठी गोळ्या घेतल्या, झिनाइदाची थट्टा केली आणि निघून गेला. उल्यानाने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. सासूला जरा वाट पाहू दे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग ती बाहेर आली. तालुक्याच्या गावावर धुराड्यांचं आणि गाड्यांचं धुकं असं साचलं होतं की हात लांब केला तर पंजा दिसू नये. दुकानासमोर करडी व्हॅन धडधडत उभी होती, सगळ्या अंगावर हिमाचा पांढरा थर चढलेला. सवयीने तिने चाकाखालच्या ठोकळ्याला लाथ मारली. ठोकळा उडाला आणि ती जागीच थबकली. तो निळा नव्हता, साधा बर्चचा ओंडका होता. दार उघडलं तर आत पडदा नाही, कातडं नाही, सासू नाही. वाकून पाहिलं तेव्हा चार पावलांवर तिचा निळा ठोकळा बर्फात आडवा पडला होता.

धुक्यात प्रोकोपी भलत्याच गाडीत चढला होता. असं आमच्याकडे एकदा तरी सगळ्यांचं होतं, लोक कोपऱ्यापर्यंत जातात, हसत परत येतात. पण हा परत आला नव्हता. झिनाइदाने धावत जाऊन त्याला फोन लावला, तर उल्यानाच्या हाताशी, त्याच्याच गाडीच्या काचेखाली फोन वाजायला लागला. तो तिथेच विसरला होता. आजीकडे फोन नव्हता. आणि आजी मागे आहे हे त्या माणसाला कळणार कसं? रोज जिचं तोंड मिटत नाही ती आज रुसून गप्प झोपली होती. तिला गप्प केलं होतं उल्यानाने.

झिनाइदा म्हणाली की अगं, कळेल त्याला, येईल परत. उल्यानाने मान हलवली. लोण्यासारखी चालणारी गाडी हाकणारा माणूस तिच्या गाडीचा क्लच कसा सोडेल हे तिला दिसत होतं. धाडकन सोडेल. नदीवर इंजिन बंद पडेल. दोनदा चावी फिरवेल, तिसऱ्यांदा काहीच होणार नाही. नदीवर फोनही लागत नाही. मग पडद्यामागचा हीटर थंड पडेल आणि कातड्यावर एक म्हातारी, जिला शेवटचं काय ऐकवलं तर लेकीकडे जा. उल्यानाने दोन्ही ठोकळे गाडीत टाकले आणि प्रोकोपीच्या मेहुण्याची गाडी उरुंगच्या रस्त्याला लावली.

गाडी खरंच लोण्यासारखी होती. गिअर बोटाने ढकलला तरी जात होता. एरवी तिला हेवा वाटला असता. त्या घटकेला तिला ती गाडी मुळीच आवडली नाही, हाताला काही लागतच नव्हतं. गाव मागे पडलं तसं धुकंही संपलं आणि रस्ता लख्ख दिसू लागला, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये एका गाडीपुरती वाट. ती प्रत्येक वळणावर पुढे करडा ठिपका शोधत होती. कडेला बंद पडलेली गाडी दिसू नये म्हणून देवाला विनवत होती आणि दिसली नाही की जास्तच घाबरत होती.

नदीच्या उतारावर लार्चचं एक जुनं झाड आहे. नदीला आमच्याकडे कुणी नावाने हाक मारत नाही, आजी म्हणतात. बर्फावर गाडी घालण्याआधी झाडाशी थांबायचं, त्या नदीआजीला घरून आणलेल्या घावनाचा तुकडा द्यायचा, जाऊ दे म्हणायचं आणि मगच उतरायचं. कितीही घाई असो, हे कुणी चुकवत नाही. तेव्हा प्रोकोपी इथे थांबलाच असणार, एवढी एक आशा तिने सारी वाट धरून ठेवली होती.

झाडाशी गाडी नव्हती. उल्याना ठोकळा लावून खाली उतरली. टायरच्या खुणा ताज्या होत्या आणि झाडाच्या बुंध्याशी घावन ठेवलेलं होतं. एका घावनाचे तीन तुकडे, प्रत्येकावर लोण्याचा गोळा.

तिने गुडघे टेकून पाहिलं. तिचंच घावन, पहाटे तिने केलेलं, कडेला जरा करपलेलं. तीन तुकडे करून वर लोणी ठेवणारं माणूस तिने जन्मात एकच पाहिलं होतं. बाकी सगळे एकच तुकडा टाकून मोकळे होतात. म्हणजे आजी जागी होती. गाडीतून उतरून आपल्या हाताने नदीला देऊन पुन्हा चढली होती. उल्यानाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्या तिथल्या तिथे चिकटल्या. हातमोज्याने त्या सोडवत ती उठली. पण जिवात जीव येतो न येतो तोच दुसरी शंका आली. जाग आली होती, चूक कळली होती, तर मागे का वळले नाहीत? पुढे का गेले?

आणि मग तिचं तिलाच हसू आलं. वळणार कसे? इथे वळायला रिव्हर्स टाकावा लागतो. न तापलेल्या गाडीत रिव्हर्सला हात लावायचा नाही, हे आजीला ठाऊक होतं. वळायला जागा एकच, खाली नदीवर, मोकळ्या बर्फात.

ती नदीवर उतरली तेव्हा समोरून दोन दिवे येताना दिसले. गाडी सावकाश येत होती, पण एका लयीत. जवळ आली तशी पुढच्या काचेतून प्रोकोपीचा लालबुंद चेहरा दिसला आणि त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालून ताठ बसलेली ओग्दोआजी. दोन्ही गाड्या बर्फावर समोरासमोर थांबल्या.

प्रोकोपी खाली उतरला तो हात जोडतच. "ताई, तुम्ही मला मारा, पण आधी माझं ऐका. गावाबाहेर पडल्यावर मी तिसरा टाकायला गेलो, गाडी जी किंचाळली, आणि मागून बाईचा आवाज आला. मला वाटलं नदीची आजी गाडीत येऊन बसली. माझी तर बोबडीच वळली."

"काय म्हणाल्या?" उल्यानाने विचारलं.

"म्हणाल्या, तू कोण रे मेल्या? हा पाय माझ्या सुनेचा नाही."

मग त्याने सगळं सांगितलं, तेही हसत आणि घाम पुसत. तो ब्रेक मारायला गेला तर म्हातारी ओरडली की क्लच दाब, नाहीतर दोघं इथेच मरू. बोलताना शब्द नीट येईनात म्हणून तिने रुमालातून कवळी काढून बसवली आणि मग जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. पडदा बाजूला सारून पुढे येऊन बसली. क्लच असा नाही सोडायचा, माझी सून निजलेल्या बाळाजवळून उठावं तसा पाय उचलते. दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना माझी सून मध्ये एक श्वास घेते, तू पण घे. उताराला माझी सून ब्रेकला शिवत नाही, पहिल्या गिअरवर उतरते. झाडाशी गाडी उभी केल्यावर चाकाखाली लावायला ठोकळा सापडेना, तर तिने गाडीतली खारवलेल्या माशांची पेटी लावायला सांगितली, कारण एकदा ठोकळा तुटला होता तेव्हा सुनेने तसंच केलं होतं.

"पंचवीस वर्षं गाडी हाकतोय, ताई," प्रोकोपी म्हणाला, "पण अशी शाळा कुणी घेतली नव्हती. प्रत्येक गिअरला माझी सून, माझी सून. मी म्हटलं, आजी, तुमच्या सुनेला एकदा बघायलाच पाहिजे. तर म्हणाल्या, बघून काय कळतं, ऐकावं लागतं."

उल्यानाने प्रोकोपीला त्याचा ओंडका दिला, त्याचा फोन दिला, आणि त्याने खिशातल्या गोळ्यांतल्या मूठभर गोळ्या आजीच्या मांडीवर ठेवल्या. आजीने त्याला बजावलं की चढ चढताना चाकं सरळ ठेव, आणि मेहुण्याची गाडी चांगली आहे म्हणून माजू नकोस. तो लोण्यासारख्या गाडीतून उरुंगच्या बाजूला निघून गेला.

उल्याना आपल्या गाडीत बसली. सीट, लोखंडाचा थंड गिअर, पायाखालचा तो घट्ट क्लच, सगळं जागच्या जागी होतं. आजी पुढेच बसून राहिली. उल्यानाने क्लच दाबला, पहिला टाकला, पाय उचलला आणि मोकळ्या बर्फात वळसा घेऊन गाडी घराकडे निघाली. दुसरा गेला. मग तिसऱ्याआधी ती थांबली आणि तिला जाणवलं की आपण खरंच एक श्वास घेतो. हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"सासूबाई," ती म्हणाली, "सकाळी मी बोलले ते..."

"बोललीस ते बोललीस. दहा वर्षांत एकदा बोललीस, त्याचं काय एवढं?"

"पण मग रोज मला का टोचता? त्या परक्या माणसापाशी माझी सून माझी सून, आणि माझ्यापाशी स्पिरिदोन."

आजीने एक गोळी तोंडात टाकली, नव्या दातांनी ती फुटते का ते पाहिलं आणि मग बोलली. लहानपणी घसरगाडीवर ती मागे बसायची तेव्हा बाप पुढे बैल हाकायचा. अंगावर कातडी, तोंडावर कातडं, त्याला मागे वळून बघता यायचं नाही. तो म्हणायचा, पोरी, बोलत राहा. काहीही बोल, शिव्या दे, पण बोल. तू गप्प झालीस की मला कळायचं नाही तू झोपलीस, पडलीस की गारठलीस. तिचा भाऊ एकदा गप्प बसला होता, त्याची दोन बोटं गेली.

"मागच्याने गप्प बसायचं नसतं," आजी म्हणाली. "आता मी रोज रोज तुझ्याशी काय बोलणार? मला दिसतं काय? गिअर तेवढे ऐकू येतात, म्हणून गिअरचं बोलते. आणि तुझ्याच पायाच्या आवाजावर मला झोप लागते. आज नुसती रुसून झोपले, तर बघ कुठे पोचले."

समोर नदी पांढरी पसरली होती, सूर्य पलीकडच्या काठावर टेकला होता आणि गाडी मजेत चालली होती. शेवटी उल्यानाने शहराचं विचारलं, लेकीला काय कळवायचं ते.

"कळव की आईचे दात झाले," आजी म्हणाली. "उन्हाळ्यात तिलाच इकडे यायला सांग. त्या बिनगिअरच्या गाडीत कोण हाकतंय ते कळतच नाही, मी नाही बसायची." आणि तिने सांगितलं की घरी गेल्यावर गोठलेला मासा किसून ठेव, नव्या दातांनी खाऊन बघायचाय.

खारा-क्युओलच्या चढाशी आल्यावर म्हातारीला पुढची सीट टोचायला लागली. गाडी थांबवायला लावून ती मागे गेली, कातड्यावर पसरली आणि पडदा ओढून घेतला. उल्यानाने पहिला टाकला, दुसरा टाकला. पडद्यामागे शांतता होती. ती कान देऊन थांबली, आणि कधी नव्हे ते तिने मुद्दाम तिसरा जरा घाईने टाकला. गिअर खरखरला.

"अगं, कसली घाई आहे तुला?" मागून आवाज आला. "स्पिरिदोन असता तर..."

"हो, सासूबाई," उल्याना म्हणाली, आणि चढ चढू लागली.